एकशे सत्त्याऐंशीवं मत

“त्या मताचा तुला पश्चात्ताप झाला आहे का?”

धाकट्या भावानं नेहमीच्या पडेल आवाजात विचारलं. तिनं चिमट्यात धरलेला स्क्रू चष्म्याच्या बिजागरीत अलगद सोडला, दोन वेढे दिले, दांडी उघडून मिटून पाहिली, आणि मगच मान वर केली.

“नाही.”

भावानं वहीत ‘नाही’ लिहिलं. शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या पंचांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली. वहीच्या त्या पानावर, आणि त्याच्या आधीच्या कितीतरी पानांवर, एकाखाली एक तेवढाच शब्द होता.

चर्चच्या मंडळीचा नियमच तसा होता. ज्याला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवलं आहे, त्याच्या दारी वर्षातून चार वेळा पाळकानं साक्षीदार घेऊन जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. ‘हो’ म्हटलं की दार उघडं. ‘नाही’ म्हटलं की तीन महिन्यांनी पुन्हा. तिचे वडील पाळक होते तेव्हा ते स्वतः कधी आले नाहीत, पंचांनाच धाडायचे. पण अकरा वर्षांपूर्वी पाळकाची खुर्ची धाकट्याकडे आली आणि तेव्हापासून प्रश्न विचारायची पाळीही त्याच्यावरच आली... तिच्याखेरीज साऱ्या जगात ज्या एकाच माणसाला त्या प्रश्नाचं खरं उत्तर ठाऊक होतं, नेमकं त्याच्यावर! देवाला विनोदाची आवड आहे असं तिचं मत होतं, आणि ते याच कारणानं.

एरवी सही झाली की दोघं काढता पाय घ्यायचे. आज मोठे पंच हलेनात. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर ते बसले, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखं केलं आणि खाकरले.

“पोरी, एक काम होतं.”

“चष्म्याचं?”

“पक्षाचं.”

तिनं हातातला चष्मा खाली ठेवला. गावातले लोक तिला चष्मेवाली म्हणत. सेहेचाळीस वर्षांची, सडसडीत, जिभेला धार असलेली बाई. भिंगं घासायच्या चाकावर तिची बोटं जितकी हळुवार चालत तितकंच तिचं बोलणं खरखरीत. पक्षाचं काम घेऊन तिच्याकडे येणं म्हणजे ज्याला घराबाहेर काढलं त्याच्याकडेच घराच्या डागडुजीला जाण्यासारखं होतं, आणि हे मोठ्या पंचांनाही कळत होतं, कारण ते तिच्याकडे न बघता तक्त्याकडेच बघत होते.

पक्ष म्हणजे तसा केवढा? एका मंडळीचा, एका वॉर्डाचा, नगरसभेत एक खुर्ची असलेला. दारूची दुकानं नकोत, रविवारी बाजार नको, शाळेत प्रार्थना हवी, आणि बायकांनी राजकारणात पडू नये, एवढ्या चार खांबांवर तो उभा. बायकांना कायद्यानं मत होतं, पण मंडळीच्या बायका मत द्यायला जात नसत. घराचा कर्ता पुरुष देतो ते घराचं मत. पक्षाला बाहेरचं एकही मत पडत नसे आणि आतलं एकही चुकत नसे. ही खुर्ची आधी तिच्या वडिलांची, मध्ये एकदा हातची गेलेली, आता धाकट्याची. पाळकपणही त्याचं आणि पुढारीपणही त्याचं.

“यंदा न्यायालयानं फर्मान काढलंय,” धाकटा म्हणाला. “ज्या पक्षाच्या यादीत एकही बाई नाही, त्याची यादी निवडणूक कार्यालय घेणारच नाही. सोमवारी शेवटचा दिवस.”

“मग घाला की एखादी बाई. मंडळीत काय बायकांचा दुष्काळ पडलाय?”

मोठे पंच चुळबुळले. “तसं नव्हे. आता कुणाच्या लेकीसुनेचं नाव भिंतीवर लागायचं, चारचौघांत चर्चा व्हायची... कोणतं घर तयार होणार? तेव्हा पंचांच्या बैठकीत असं ठरलं, की—”

“की जिचं नाव आधीच गेलंय, तिचं छापायला काय हरकत.”

तिनं अचूक शब्द पकडले होते. बैठकीत जवळजवळ हेच शब्द वापरले गेले होते.

धाकट्यानं पिशवीतून दोन कागद काढले. एक उमेदवारीचा अर्ज. दुसरा, आधीच टाइप केलेला राजीनामा, तारखेची जागा कोरी. निवडून आलीच चुकूनमाकून, तर दुसऱ्या दिवशी तो कागद सभागृहात जायचा आणि खुर्ची धाकट्याला मिळायची. शिवाय सभासद असल्याखेरीज उमेदवार होता येत नाही. तेव्हा शनिवारच्या सभेत तिनं यायचं, तिथे तोच प्रश्न विचारला जाईल, आणि तिनं फक्त ‘हो’ म्हणायचं.

“एक शब्द, ताई,” धाकटा म्हणाला. त्याची नजर जमिनीवरच्या काचेच्या भुकटीत रुतून बसली होती.

तिनं पेन उघडलं, अर्जावर सही केली, आणि राजीनामा दोन बोटांनी उचलून त्याच्या पिशवीत परत ठेवला.

“बाकीचं शनिवारी बघू. मला मागच्या दारानं आत घेताय होय? मी पुढच्या दारानं येईन.”

ते गेल्यावर तिनं चाक सुरू केलं. भिंगाची कड घासताना पाण्याची बारीक धार चाकावर पडत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे एकोणीस वर्षांपूर्वीची ती दुपार उभी राहिली...

धाकटा तेव्हा एकवीसचा. त्याला विमानांच्या यंत्रांचं वेड. प्रवेशाचं पत्रही आलं होतं. ते बाबांनी त्याला न विचारता परत पाठवलं आणि त्याचं नाव धर्मशिक्षणाच्या शाळेत घातलं. पोरगा आतल्या आत धुमसत राहिला. निवडणुकीच्या दिवशी नवा सदरा घालून तो पुरुषांबरोबर रांगेत उभा राहिला, आयुष्यातलं पहिलं मत द्यायला. दुपारी तीनला तो मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला तो पांढराफटक पडून. ती भांडी पुसत होती.

“ताई, मी बाबांच्या विरुद्ध दिलं.”

तिनं पुसायचं फडकं त्याच्या हातात कोंबलं आणि पायांत असतील त्या सपाता घालून ती धावत सुटली. मतदान पाचला बंद होणार होतं. आजवर त्या घरातली कुठलीच बाई मतदान केंद्राच्या दारात गेली नव्हती. तिनं मात्र आत जाऊन बाबांच्या नावापुढे खूण केली. भावानं पाडलेलं भोक बुजवायला, एवढ्याचसाठी. बाहेर मोठे पंच यादी घेऊन मंडळीच्या एकेका पुरुषापुढे बरोबरची खूण करीत उभे होते. त्यांनी तिला बाहेर पडताना पाहिलं.

संध्याकाळी निकाल लागला. बाबांना एकशे सत्त्याऐंशी. समोरच्याला एकशे अठ्ठ्याऐंशी.

मोठ्या पंचांच्या यादीत आत गेलेले पुरुष बरोबर एकशे सत्त्याऐंशी होते. बाबांना मतंही तेवढीच. म्हणजे एकही पुरुष फुटला नाही! मग हे वरचं एक मत कुणाचं? समान मतं पडली असती तर चिठ्ठी काढली असती, आणि चिठ्ठी देवाच्या हातात असते. ती देवाच्या हातातून कुणी हिसकावून घेतली? हिशेब इतका चोख होता की त्यावर शंका घेणं म्हणजे दोन अधिक दोनवर शंका घेणं. आत कोण गेलं ते त्यांनी मोजलं होतं. आत जाऊन कुणी काय केलं, हे मोजायची गरज त्यांना वाटली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

“कुणाला मत दिलंस?” पंचांनी विचारलं.

“मत गुप्त असतं,” ती म्हणाली.

त्याहून जास्त एक अक्षर ती बोलली नाही. धाकट्यानं रडून रडून डोळे सुजवले होते. “ताई, मी सांगितलं तर बाबा जगणार नाहीत,” एवढंच तो म्हणत होता. तिनं मनाशी एक कडवट गणित मांडलं होतं. लेक गेली तर बापाचं काळीज तुटतं, पण ते पुन्हा सांधता येतं; एकुलता मुलगा गेला तर घर, मंडळी, पक्ष, सगळंच तुटतं. तिनं आपली किंमत कमी धरली, कारण त्या घरानं तिला तेच शिकवलं होतं. त्या रविवारी बाबांनी व्यासपीठावरून तिचं नाव वाचलं. आवाज कापरा झाला नाही, पण नाव वाचल्यावर ते खूप वेळ पान उलटेनात. त्यानंतर आजतागायत ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

आणि धाकटा? तो दर वर्षी म्हणायचा, “पुढच्या वर्षी सांगतो.” पुढचं वर्ष ही फार सोयीची गोष्ट आहे, ती कधी येत नाही.

शुक्रवारी आई आली. बाबांच्या चष्म्याचं नाकावरचं टेकण तुटलं की ती तो पदराआड घालून घेऊन यायची आणि काउंटरवर ठेवायची, आणि मग दोघी उगाच चष्म्याविषयी बोलत राहायच्या.

“त्यांना ठाऊक असतं गं,” आई आज म्हणाली. “मागच्या खेपेला विचारलं, कुठून करून आणलास? म्हटलं, दुकानातून. म्हणाले, काम चांगलं आहे.”

तिनं जुनं टेकण काढलं, नवं बसवलं आणि ते दोन्ही बाजूंनी सारखं आहे ना, हे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहत राहिली.

“हो म्हणून टाक, बाळ,” आईचा हात तिच्या हातावर आला. “एक शब्द. त्यांचं वय झालंय. माझं झालंय. एकदा ताटाला ताट लावून बसू सगळे. खरं काय नि खोटं काय, मी तुला कधी विचारलं का?”

“नाही विचारलंस.”

“मग माझ्यासाठी म्हण.”

ते मेज, ती खुर्ची, बाबांचा प्रार्थनेचा आवाज... एका शब्दाच्या पलीकडे सारं मांडून ठेवलेलं होतं. तिनं आईच्या हातावरून हात फिरवला आणि तो हळूच बाजूला केला.

“आई, मी गप्प बसले ते माझ्या मर्जीनं. त्याचं मला काही वाटत नाही. पण उद्या मी खोटं बोलले ना, तर गप्प बसलेली ती एकोणीस वर्षंसुद्धा खोटी ठरतील. मग माझ्याजवळ राहील काय?”

आईनं चष्मा उचलला आणि दारापाशी जाऊन म्हणाली, “हट्टी आहेस. अगदी त्यांच्यासारखी.”

शनिवारी दुपारी चारला प्रार्थनागृह गच्च भरलं होतं. सभेला पुरुषच. लाकडी बाकांना नुकतंच पॉलिश केलेलं, त्याचा वास घुमत होता. समोरच्या टेबलाशी धाकटा वही घेऊन, शेजारी मोठे पंच, आणि पहिल्या बाकावर एक्क्याऐंशी वर्षांचे बाबा, काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ. ती पुढच्या दारानं आली आणि दीडदोनशे पुरुषांच्या माना वळल्या. तिच्यासाठी मागं एक बाक ठेवला होता. ती त्याच्या शेजारून चालत थेट टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

“हं, विचारा,” मोठे पंच धाकट्याला म्हणाले. त्यांना हे लवकर उरकायचं होतं. अर्जावर सूचकाची सही कुणी करायची यावरूनच सकाळपासून टोलवाटोलवी चालली होती. बाईच्या नावाखाली आपलं नाव लावायला कुणी तयार नव्हतं.

धाकटा उठला. “त्या मताचा... तुला पश्चात्ताप झाला आहे का?”

“नाही.”

सभेत कुजबुज उठली. मोठ्या पंचांनी कपाळाला हात लावला.

“पोरी, अगं ठरलं होतं ना? सोमवार तोंडावर आलाय. यादी गेली नाही तर पक्ष संपला. तुझ्या बापानं आयुष्य घातलंय त्यात. एक ‘हो’ म्हणायला तुझ्या जिभेला काय होतंय?”

“जे पाप मी केलं नाही, ते कबूल करायला सांगताय तुम्ही. तेही देवाच्या घरात उभं राहून. पक्ष वाचवायला.” तिचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. “खोट्यावर तगणार असेल तर मरू दे तो पक्ष. माझं नाव हवंय ना? घ्या. पण सबंध बाईचं नाव घ्यावं लागेल. निवडून आले तर खुर्चीत मी बसेन, राजीनामा देणार नाही. आणि मान खाली घालून आत येणार नाही. नको असेल तर तसं सांगा. दुकान उघडं टाकून आलेय मी.”

बाबांची काठी जमिनीवर एकदा आपटली. ते समोर बघत, धाकट्याला म्हणाले, “तिला सांग. इतकी वर्षं मी रोज प्रार्थनेत एकच मागणं मागितलं, की तिनं तो शब्द म्हणावा. मला मरण्यापूर्वी ऐकायचाय.”

धाकट्याला काही सांगावं लागलं नाही. ती चार हातांवर उभी होती. आता आता ती मोडणार, असं बघणाऱ्या प्रत्येकाला वाटलं.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमच्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. हे करणार नाही.”

“लिहा,” मोठे पंच हताशपणे धाकट्याला म्हणाले. “लिहा ‘नाही’, आणि उठा.”

धाकट्यानं पेन टेकवलं. पेन तिथंच राहिलं. अकरा वर्षं त्यानं तो शब्द लिहिला होता, दुकानातल्या काचेच्या भुकटीत उभं राहून, निमूटपणे. पण आज त्याच्यासमोर बाप होता आणि बापानं नुकतंच सांगितलं होतं की तो रोज कशासाठी प्रार्थना करतो. पानावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“तिनं नाही दिलं ते मत,” तो म्हणाला.

“काय?”

“समोरच्याला गेलेलं मत. ते तिचं नव्हतं. माझं होतं. मी दिलं, बाबा... रागानं दिलं. तुम्ही माझं पत्र परत पाठवलंत म्हणून. आणि एकोणीस वर्षं तिला... मीच तिच्या दारी जाऊन विचारत राहिलो...” तो पाळक होता, पुढारी होता, चाळीस वर्षांचा बाप्या होता, आणि तोंडावर हात घेऊन लहान मुलासारखा हुंदके देत होता.

मोठे पंच तोंडातल्या तोंडात पुटपुटत आकडे जुळवू लागले, पण बाबांचा हिशेब त्यांच्या आधी झाला होता. काठीच्या आधारानं ते उठले, सावकाश वळले, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लेकीकडे पाहिलं.

“म्हणजे मला पुरुषांची एकशे शहाऐंशी मतं पडली.”

“हो, बाबा.”

“मग एकशे सत्त्याऐंशीवं...”

“माझं होतं.”

लेकीचं जे एक मत बाबा शत्रूला गेलेलं समजत आले, तेच मत तिनं कुणी न सांगता, न मागता, नियम मोडून, पळत जाऊन त्यांच्यासाठी दिलेलं होतं.

“बायकांनी मत देऊ नये असं मी मानतो,” अखेर ते म्हणाले. “अजूनही मानतो.”

“ठाऊक आहे मला.”

“तरी तू गेलीस.”

“गेले.”

“आणि आज विचारलं, तरी पश्चात्ताप नाही म्हणतेस.”

“नाही. उद्या वेळ आली तर पुन्हा जाईन.”

बाबांनी मान हलवली. मग मंडळीकडे वळून, ज्या आवाजात त्यांनी तिचं नाव वाचलं होतं त्याच आवाजात ते म्हणाले, “मी माझ्या निर्दोष लेकीला या मेजावरून उठवलं. मी तिची आणि देवाची क्षमा मागतो. माझा हा मुलगा माझ्या भीतीनं खोटं जगला. त्याचा न्याय करताना आधी माझा करा.” ते गुडघे टेकायला वाकले. तिनं पुढं होऊन त्यांना दोन्ही दंडांना धरलं आणि वाकू दिलं नाही.

“पुरे, बाबा. गुडघे दुखतात तुमचे.”

ती त्यांना बाकावर बसवून शेजारी बसली. पुरुषांच्या बाकावर, पहिल्या रांगेत. कुणाची हरकत घ्यायची छाती झाली नाही. धाकटा टेबलामागून येऊन तिच्या पायांशी बसला. तिनं त्याच्या डोक्यावर एक टपली मारली, लहानपणी मारायची तशी, जरा जोरातच.

बाबांनी हात पुढे केला. “तो अर्ज आणा.”

मोठ्या पंचांनी अर्ज आणला. बाबांनी तो गुडघ्यावर पसरला आणि सूचकाच्या रिकाम्या ओळीवर एकेक अक्षर काढत सही केली. मंडळीत खळबळ उडाली. कुणीतरी उठून बाहेर गेलं, त्याच्यामागे आणखी दोघं. बाबांनी तिकडे बघितलंही नाही.

“निवडून आलीस तर बसशील म्हणतेस?”

“बसेन.”

“तिथं बोलशीलही?”

“बोलेन.”

“माझ्या मताविरुद्ध?”

“पटलं नाही तर, हो.”

बाबांनी अर्जावरची शाई वाळली का पाहिलं, कागद तिच्या हातात दिला आणि तिच्या पाठीवर मधोमध आपला हात टेकवला.

“मग ताठ उभी राहून बोल. लहानपणापासून तुला पोक काढून उभं राहायची खोड आहे.”

पंचांपुढे, मंडळीपुढे, रिकाम्या घरात एकटीनं जेवताना, एकोणीस वर्षांत एकदाही जिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, ती चष्मेवाली पाठ ताठ करायला गेली आणि तिथंच, बापाच्या खांद्यावर, ढसाढसा रडू लागली.